अभद्र विचारणाऱ्या बाई

गजभियेबाई कुणाकडे गेल्या की आधी दारात बूट काढत, मग कोट काढत, आणि मग घरातल्या बाईच्या तोंडाकडे बघून विचारत, "झोप लागून राहिली का?" कशा आहात नाही, मुलं काय म्हणतात नाही, एकदम झोप. आमची पहिली भेट झाली तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. ओहायोतल्या डब्लिन गावात आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, निम्मी खोकी उघडायची होती. मी म्हणाले, "हो, अगदी छान लागते." त्यावर त्यांनी छातीशी पिनने अडकवलेलं नर्सचं उलटं घड्याळ बोटांत धरलं आणि त्याच्याकडे बघत गप्प बसल्या. मला वाटलं, बाईंना जायची घाई आहे. मी उठून चहा टाकायला गेले. त्या माझ्या खऱ्या उत्तराची वाट बघत होत्या, हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

"पहिलं उत्तर पाहुण्यासाठी असते," असं त्यांचं म्हणणं. "पाहुण्याला कसा आपण चिवडा-लाडू देतो, तसं. एक मिनिट काही बोलायचं नाही. मग घरचं उत्तर येते."

आणि मिनिट म्हणजे मोजून साठ सेकंद. समोर माणूस बसलेलं असताना साठ सेकंद न बोलता बसणं काय असतं ते करून बघावं. मी पुण्याची, मला आजही चाळीसच्या पुढे जाता येत नाही.

कमल गजभिये मूळच्या नागपूरच्या. नर्सिंग तिथेच शिकल्या आणि अमेरिकेला नर्सेस हव्या होत्या त्या काळात एकट्या इकडे आल्या. मागून नवरा आला, तो काही वर्षांनी वारला. प्रज्ञा नावाची मुलगी होती, ती आईच्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आई तिच्या प्रत्येक इंग्रजी वाक्याला मराठीत. बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या. साडीवर मरून रंगाचा पुरुषी पार्का, म्हणजे बर्फातला जाड कोट, घालत, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या आणि खिशात भाजलेले फुटाणे. त्यांच्याकडे तपकिरी रंगाची एक लांबलचक जुनी स्टेशन वॅगन होती. तिचं ड्रायव्हरशेजारचं दार उघडत नसे. म्हणून शेजारी बसणाऱ्याने ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरून, स्टीअरिंगखालून सरपटत पलीकडे जायचं. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष एकदा सूटटायमध्ये असे सरपटले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जवळच्या कोलंबस शहरात कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारने, चालवलेलं एक घर होतं, तिथे त्या दिवसपाळीच्या मुख्य नर्स होत्या. साधं दुमजली घर, बाहेर व्हरांडा, पाटी नाही, आत सहा खाटा. एखाद्याचं मन अचानक कोलमडलं आहे, घरी एकटं ठेवणं धोक्याचं आहे, पण मोठ्या इस्पितळात नेऊन महिनोन् महिने ठेवायचीही गरज नाही, अशा माणसाने तिथे चार-पाच दिवस राहायचं. डॉक्टर दिवसातून एकदा येऊन जात. बाकी सगळं नर्सेसच्या हातात. आम्हा मंडळातल्या लोकांना एवढंच माहीत होतं की गजभियेबाई वेड्यांमध्ये काम करतात.

त्या वेळी कोलंबसच्या आसपास मराठी घरं असतील पंचवीस-तीस. चर्चच्या तळघरात गणपती, शाळेच्या कॅफेटेरियात दिवाळी. आम्ही सगळ्या एकमेकींना काकू, वहिनी, मावशी म्हणायचो. मुलांनाही तसंच शिकवलं होतं. गजभियेबाईंना मात्र सगळे 'सिस्टर' म्हणत. त्या नर्स आहेत म्हणून, असं आम्ही स्वतःला सांगत होतो. पण मंडळात दोन डॉक्टरीणबाई होत्या आणि त्या दोघी काकूच होत्या. आडनाव कळल्यावर माणूस एक पाऊल मागे सरतं ते आम्हीही सरलो होतो. वर तोंडाने कुणी काही बोललो नाही म्हणजे आपण फार पुढारलेले, असं समजत होतो. आज हे लिहिताना लाज वाटते.

त्यांना बोलवायचं कमी झालं त्याला निमित्त मात्र वेगळंच घडलं. संक्रांतीला आमच्याकडे पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. नलिनी म्हणून एक होती, नवऱ्याबरोबर बोस्टनहून नुकतीच बदलून आलेली. अतिशय हसरी. ती तिळगुळाचं ताट फिरवत होती आणि काहीतरी विषय निघाला तशी म्हणाली, "अगं यार, माझं काय घेऊन बसलीस? मी मेले तरी आठवडाभर कुणाला कळायचं नाही." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. गजभियेबाईंनी हातातली बशी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "नलिनीताई, मरायचं मनात येते का तुमच्या?"

कुणीतरी "अगबाई" म्हणालं. एक काकू म्हणाल्या, "सिस्टर, सणाच्या दिवशी असं अभद्र बोलू नये हो." नलिनी हसत म्हणाली, "काहीतरीच काय, मी मजा करत होते." बाईंनी घड्याळ बोटांत धरलं. आम्ही सगळ्यांनी लगेच बोलायला सुरुवात केली, साड्या, सेल, कुणाच्या मुलीचं बॅले. मिनिट काही त्यांना मिळालं नाही. पण थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेले तर नलिनी सिंककडे तोंड करून उभी होती आणि नळ उगाचच सुरू होता. मी तिला विचारलं, "काय गं, कांदा लागला की काय डोळ्यांना?" तिळगुळाच्या कार्यक्रमात कांदा कुठून येणार होता! पण ती हो म्हणाली आणि मीही ते मान्य केलं.

त्यानंतर बाईंना बायकांच्या कार्यक्रमांना बोलवणं बंद झालं. मीच यादी करायची, तेव्हा दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

पुढची गोष्ट आमच्या अप्पांची. अप्पा म्हणजे वसंतचे, माझ्या नवऱ्याचे वडील. कराडला जमीन मोजणीच्या ऑफिसात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. सासूबाई वारल्या आणि आठ महिन्यांनी, ऑक्टोबरात, वसंत त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आला. पहिला महिनाभर अप्पांनी आमची सगळी वसाहत पावलांनी मोजून काढली. शेजाऱ्याचं कुंपण आपल्या हद्दीत दीड फूट आलंय असं त्यांनी मला तिसऱ्याच दिवशी सांगितलं. वसंतने हसण्यावारी नेलं. मी गुपचूप टेप लावून बघितली, तर अप्पांचं बरोबर होतं.

मग बर्फ पडायला लागलं. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी शाळेत, अप्पा सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकटे. मंडळींनी नाट्यसंगीताच्या कॅसेटी आणून दिल्या, दिवाळी अंक आणून दिले. ते तसेच टेबलावर पडून राहिले. अप्पांनी घरातल्या घरात चालणंसुद्धा सोडलं. खुर्चीत बसायचे, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, समोर आवाज बंद केलेला टीव्ही.

एक दिवस ते मला म्हणाले, "माझी मोजणी आता संपली गं." मी म्हणाले, "अप्पा, असं अभद्र बोलू नका." मग काही दिवसांनी म्हणाले, "तुझ्या सासूबाई वाट बघत असतील." मी परत तेच म्हणाले आणि त्यांच्या भातावर आणखी तूप वाढलं. आणि एकदा चहा घेताना म्हणाले, "सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले." मी कपाळावर आठी घालून, पण प्रेमानेच, म्हणाले, "अप्पा, भलतंसलतं बोलायचं नाही म्हटलं ना." त्यावर ते म्हणाले, "बरं. नाही बोलत." आणि खरंच बोलायचे थांबले. मला वाटलं, चला, जरा सावरले.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी त्यांचा स्वेटर धुवायला घेतला तर आतल्या खिशात एक पुडी लागली. इनलँड लेटरचा निळा कागद घडी घालून केलेली, आणि आत ब्लडप्रेशरच्या गोळ्या. रोज एक घ्यायची ती न घेता जमवलेल्या. मी ती पुडी पर्समध्ये टाकली, अप्पांना नेहमीसारखं पोह्यांचं ताट दिलं आणि ऑफिसला गेले. एक अक्षर बोलले नाही. ऑफिसात पोचल्यावर वसंतला फोन केला. वसंतने मंडळाच्या अध्यक्षांना केला. अध्यक्ष म्हणाले, होमसिक झालेत, ताबडतोब तिकीट काढा, इंडियात पाय ठेवला की ठणठणीत होतील. आमच्या मंडळात हेच औषध होतं. कुणाचं काही बिनसलं की तिकीट. अर्ध्या तासात वसंतने गुरुवारच्या विमानात जागासुद्धा मिळवली.

मी मात्र त्याच टेबलावरून गजभियेबाईंना फोन केला. यादीतून त्यांचं नाव काढल्याला वर्ष होऊन गेलं होतं. मला वाटलं आधी थोडं इकडचं तिकडचं बोलावं लागेल. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "आता त्यांच्याजवळ कोण आहे?"

"कुणी नाही. घरी एकटेच आहेत."

"मग तुम्ही ऑफिसात काय करून राहिल्या? निघा. मी पण निघते."

आम्ही दोघी पाच मिनिटांच्या अंतराने पोचलो, पाठोपाठ वसंत आला. अप्पा खुर्चीतच होते. बाईंनी बूट काढले, कोट काढला, आणि समोर न बसता एक स्टूल ओढून त्यांच्या शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून बसल्या. दोघं मिळून आवाज नसलेला टीव्ही बघायला लागले. थोडे फुटाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मग तितक्याच साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, जीव द्यावा असं मनात येऊन राहिलं का?"

"अहो बाई, काय बोलताय हे!" वसंत दारातूनच म्हणाला.

अप्पा हसले. "छे छे. तसं काही नाही. मुलगा-सून फार करतात माझं. सगळं उत्तम आहे."

बाईंनी घड्याळ धरलं. वसंत पुढे येऊन काही बोलणार, तेवढ्यात मी त्याचं मनगट पकडलं. का पकडलं मला माहीत नाही. तळघरातली घर तापवणारी भट्टी सुरू झाल्याचा आवाज आला. अप्पा हातातल्या फुटाण्यांची सालं काढत राहिले, खात नव्हते.

"रोज सकाळी," अप्पा म्हणाले. "चहाच्या वेळेला."

"कसं करायचं ते ठरवलं होतं?"

"हो. पुडी करून ठेवली होती. आज सूनबाईंनी नेली ती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नेली, पण बोलली नाही काही. म्हटलं, तिलाही चालणार असेल."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, पण या वाक्याइतकं काही लागलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. बाईंनी मला उठवलं नाही की थोपटलं नाही. अप्पांकडे वळून म्हणाल्या, "पहा काका, चालणार आहे का त्यांना?" अप्पांनी हळूच मान हलवली. नाही म्हणाले.

वसंतने बाईंना स्वयंपाकघरात नेलं. तो चिडला की इंग्रजी बोलतो. "He's my father. असं कुणी विचारतं का? उलट नसलेलं डोक्यात घालताय तुम्ही त्यांच्या."

"मी नाही घातलं. ते तिथेच होतं. तुम्ही दोघं त्याच्यावर पांघरूण घालून राहिले होते."

"गुरुवारचं तिकीट आहे. घरी गेले की होतील बरे."

"विमानात सोबत कोण आहे? कराडला घरी कोण आहे दिवसभर?" बाई काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी वर्ध्याच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला. खोलीबाहेर पडेना, तेव्हा कुणीतरी बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. "माझी ड्युटी होती. घाई होती. मी ते नाही खरं मानलं आणि गेली. नंतर मंडळाने तिकीट काढलं, सगळे एअरपोर्टवर गेले, मी पण गेली. हार घातला त्याला. महिन्याभराने वर्ध्याहून पत्र आलं." छातीवरच्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाल्या, "तेव्हापासून मी मिनिट धरते."

वसंत खिडकीबाहेर बघत राहिला. बाई त्याला समजावून सांगत होत्या की त्यांचं ते घर म्हणजे वेड्यांचं इस्पितळ नाही, पाय मुरगळला की चार दिवस कुबडी घेतो तेवढंच ते आहे, कुणी कोंडून ठेवत नाही, डॉक्टर औषध सुरू करतील, झोप परत येईल. वसंत ऐकत होता की नाही देव जाणे. पण मागे अप्पा येऊन उभे राहिले होते.

"किती दिवस राहायचं?" त्यांनी विचारलं.

"पाच. सहाव्या दिवशी मीच हाकलते तुम्हाला."

"हद्द ठरलेली असली म्हणजे बरं असतं," अप्पा म्हणाले आणि कोट शोधायला गेले. ते त्या स्टेशन वॅगनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूने शिरले आणि अडुसष्टाव्या वर्षी अध्यक्षांपेक्षा चपळाईने पलीकडे सरकले.

त्या घरातले अप्पांचे पाच दिवस मला थोडे मी पाहिले म्हणून आणि बरेचसे बाईंनी सांगितले म्हणून माहीत आहेत. अप्पांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं. डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी 'With reference to your question, I beg to state' अशी सुरुवात करून, गेले दोन महिने झोप नाही, हे उभं राहून सांगितलं. डॉक्टरांनी गंभीरपणे आभार मानले. तिथे प्रत्येकाला घरातलं एक काम करावं लागे. कुणी भांडी, कुणी भाज्या. बाईंनी अप्पांना एक टेप आणि आलेखाचा कागद दिला आणि सांगितलं, या घराचा नकाशा कुणाकडेच नाही, करून द्या. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त आपली खोली मोजली आणि दमून झोपले. दुसऱ्या दिवशी जिना. अर्ल नावाचा एक धिप्पाड माणूस होता, कारखाना बंद पडल्यावर खचलेला, तो टेपचं दुसरं टोक धरायचा. दोघांत बोलणं असं काही नव्हतं. अप्पा आकडा सांगायचे, अर्ल तो मोठ्याने परत म्हणायचा.

पण सगळं असंच गोड चाललं असं समजू नये. तिसऱ्या दिवशी अप्पांनी जेवायचं नाकारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी गेले तेव्हा बाई खाटेशेजारी जमिनीवर बसून होत्या. दुपारभर बसल्या. मधूनमधून विचारत होत्या, आणि अप्पा दरवेळी "हो, येतंय मनात" म्हणत होते. मी बाहेर येऊन विचारलं, "बाई, हे बरे होणार आहेत का?" त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत. सांगून राहिले आहेत, एवढं मला माहीत आहे." मला त्या क्षणी त्यांचा राग आला. हो म्हणायला काय जात होतं?

वसंत पहिले तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला तर बाईंनी त्याला अप्पांकडे सोडलंच नाही. ऑफिसच्या छोट्या खोलीत बसवलं, मलाही बसवलं, आणि म्हणाल्या, "उद्या ते घरी येणार. मग रोज कोण विचारणार? मला विचारून दाखवा. मी अप्पा."

वसंत मोठा इंजिनिअर. पन्नास-पन्नास लोकांसमोर प्रेझेंटेशन द्यायचा. तो म्हणाला, "How are you feeling, Appa?"

"इंग्रजीत नाही. बाप मराठी आहे ना तुमचा?"

"अप्पा, बरं वाटतंय ना?"

"हे विचारलं नाही तुम्ही, उत्तर सांगितलं. त्यांना 'हो' म्हणण्याशिवाय जागाच ठेवली नाही."

वसंतने चष्मा काढून पुसला. परत घातला. "अप्पा, मनात... म्हणजे मनात तसलं काही..." त्याच्याच्याने तो शब्द उच्चारवेना. लहानपणी घरात मृत्यूचं नाव काढलं की आजी जीभ चावायला लावायची, असं तो मला नंतर म्हणाला. बाईंनी घाई केली नाही. पाचव्या की सहाव्या वेळेला तो म्हणाला, "अप्पा, जीव द्यावासा वाटतो का?" आणि टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडायला लागला. बाईंनी खिशातले फुटाणे त्याच्यापुढे सरकवले आणि दार लावून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी अप्पांना दारात थांबवून आमच्या देखत तोच प्रश्न विचारला. अप्पांनी विचार केला. म्हणाले, "आज नाही." मला वाटलं होतं, 'आता कधीच नाही' असं म्हणतील. बाईंच्या तोंडावर मात्र समाधान दिसलं. नकाशा पूर्ण झाला होता, तो त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर लावून घेतला.

अप्पा मुदत वाढवून मे महिन्यापर्यंत आमच्याकडे राहिले, दर आठवड्याला डॉक्टरांकडे जात राहिले, आणि कुणी पाठवलं म्हणून नव्हे तर आंबे सुरू झाले म्हणून, वसंतला बरोबर घेऊन कराडला परत गेले. तिथे वसंतच्या धाकट्या भावाला, मोहनला, त्यांनी घरी राहायला बोलावून घेतलं. दर रविवारी वसंत फोन करायचा. लाइन लागली की हवापाणी आणि मग तो प्रश्न. पलीकडून अप्पा सांगायचे, "या आठवड्यात नाही." कधी सांगायचे, "मंगळवारी आलं होतं. मोहनला सांगितलं." मोहनला हे सगळं विचित्र वाटायचं, पण तो ऐकून घ्यायचा.

पुढच्या संक्रांतीला मी बाईंना बोलावलं. नलिनी आली आणि सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली. नंतर तिने मला सांगितलं, त्या पहिल्या संक्रांतीनंतर दोनच दिवसांनी तिने बाईंना फोन केला होता आणि चार दिवस ती त्या घरात राहून आली होती. आम्हाला तिने शिकागोला बहिणीकडे गेल्याचं सांगितलं होतं. आम्ही तिला शिकागोच्या हवेबद्दल विचारलंही होतं.

ते घर कौंटीने पुढे बंद केलं. बाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नर्सिंग होममध्ये नोकरी मिळाली. तिथून त्या वर्षभरात प्रज्ञाबरोबर टेक्सासला गेल्या, अर्विंगला. दोन-तीन पत्रं आली, मग पत्ता बदलला आणि आमचा संबंध तुटला. माझी त्यांची शेवटची भेट झाली ती त्या नर्सिंग होमच्या मागच्या दारी, त्या टेक्सासला जायच्या थोडं आधी.

त्याच्या आदल्या दिवशी कराडहून फोन आला होता. अप्पा गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. वसंतने फोनवर काय केलं ते सांगते. रडला नाही, कधी, कसं, काही विचारलं नाही. म्हणाला, "मोहन, त्यांच्या गोळ्यांची बाटली आण. मोज." मोहन ओरडला असणार, कारण वसंत म्हणाला, "काय म्हणायचं ते मला नंतर म्हण. आधी मोज." आम्ही रिसीव्हर कानाला लावून उभे होतो. मोहन परत आला. जेवढ्या उरायला हव्या होत्या तेवढ्या होत्या. उशाखाली, कपाटात, स्वेटरच्या खिशात काही नव्हतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं होतं. मग वसंत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

बाईंना हे फोनवर सांगावंसं वाटेना. मी दुपारी गाडी काढून गेले. त्या मागच्या पायरीवर डबा उघडून बसल्या होत्या. नेहमीचा मरून पार्का, थंडी बरीच होती. मला बघून त्यांनी डबा बंद केला. मी म्हणाले, "बाई, अप्पा गेले."

त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "कसे?"

"झोपेत. हार्ट बंद पडलं."

"कोण होतं जवळ?"

"मोहन. शेजारच्या खोलीत."

"नक्की झोपेत?"

"नक्की. वसंतने गोळ्या मोजायला लावल्या. सगळ्या होत्या. रविवारी विचारलं होतं तेव्हाही 'नाही' म्हणाले होते. वसंत थांबला होता फोनवर. मिनिटभर थांबला होता. तरी 'नाही'च म्हणाले."

बाई हळूच पायरीवर बसल्या. दोन्ही हात तोंडावर धरले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. कितीतरी वेळाने त्यांनी हात खाली घेतले आणि ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं. फार बरं झालं."

सासरा गेल्याचं सांगायला गेलेल्या बाईला कुणी असं म्हणतं का? मी त्यांच्या शेजारी त्या थंडगार पायरीवर बसले आणि म्हणाले, "हो बाई. फार बरं झालं."